टेबलावर सफरचंद नाही, बाई

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलेला असल्यामुळे नमस्कार प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे, पण कागदावर साष्टांग लिहायला गुडघा लागत नाही.)

तुझं पत्र पोचलं. तू ठणठणीत आहेस हे वाचून आनंद झाला. तू प्रत्येक पत्रात ठणठणीतच असतेस, तेव्हा आता तो शब्द कागदावर छापूनच घे, तेवढेच तुझे कष्ट वाचतील. इकडे आम्हीही सगळे मजेत. नवऱ्याची तब्येत उत्तम, लेकीचा अभ्यास उत्तम, हवा उत्तम, वरच्या मजल्यावरचे शेजारी तर अतिउत्तम. आमच्याकडे राहायला येण्याचा विषय तू याही खेपेला शेवटच्या दोन ओळींत उरकलास. या वयात परक्या मुलखात जाऊन नवी भाषा शिकायची म्हणजे म्हाताऱ्या माणसाची थट्टा आहे, आणि असं कुणी शिकलेलं तू तरी पाहिलेलं नाहीस. बरोबर आहे तुझं. मुळीच घाई करू नकोस. तुझं घर, तुझं अंगण, मागच्या जिन्याचा तो डुगडुगणारा कठडा, एवढं वैभव सोडून कशाला यायचं? मी आपलं सहज विचारते, दर पत्रात.

पण विषय निघालाच आहे (म्हणजे मीच काढला आहे), तर या वयात भाषा शिकणारा एक माणूस मी पाहिला आहे, त्याची हकीकत तुला कळवते. शिकणाऱ्याचं काय होतं ते तू वाचशीलच. शिकवणारीचं काय होतं, तेही जाताजाता लक्षात घे.

माझा संध्याकाळचा वर्ग तुला माहीत आहे. कामधंद्यासाठी किंवा मुलाबाळांपाठोपाठ इथे आलेल्या मोठ्या माणसांना इथली भाषा शिकवायची. दिवसा त्या खोलीत बालवर्ग भरतो, त्यामुळे बाकं इतकी बुटकी आहेत की माझे विद्यार्थी गुडघे कानाशी घेऊन बसतात, आणि भिंतीवरचे कागदी मासे आमच्याकडे टक लावून बघत असतात. वर्गात एक बेकरीतला भट्टीवाला, एक हॉस्पिटलातली सिस्टर, एक सलूनमधला न्हावी आणि असेच आणखी काही. दिवसभर राबून आलेली, दमलेली आणि म्हणूनच अतिशय आज्ञाधारक माणसं. मी म्हणते, ‘माझं घर मोठं आहे.’ एका खोलीत चौघं मिळून राहणारी ही माणसं एका सुरात म्हणतात, ‘माझं घर मोठं आहे.’ इतका सोन्यासारखा वर्ग होता, मावशी. मग त्यात तपासनीस आले.

तपासनीस म्हणजे निवृत्त सरकारी लिफ्ट तपासनीस. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात छोटा टॉर्च. बायको गेल्यापासून इथे लेकीकडेच राहिलेले. आपलीच भाषा बोलणारे, हे माझं दुर्दैव. दुसऱ्या कुठल्या भाषेचे असते तर माझ्याशी हुज्जत घालायला त्यांना शब्दच सापडले नसते. उभ्या जन्मात त्यांनी स्वतः न पाहिलेल्या दोरावर सही केली नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळख करून देताना सांगितलं. मला ते फार कौतुकास्पद वाटलं. ते कौतुक साधारण पहिला धडा उघडेपर्यंत टिकलं.

पहिल्या धड्यात एका हसऱ्या माणसाचं चित्र आहे आणि खाली वाक्य आहे, ‘हा माझा भाऊ आहे.’ सगळा वर्ग बोलला. पहिल्या बाकावरचे तपासनीस गप्प. मला वाटलं ऐकू कमी येत असेल, म्हणून जवळ जाऊन पुन्हा म्हटलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, “हा माझा भाऊ नाही, बाई.” मी म्हटलं, अहो, समजा. तर म्हणाले, “का म्हणून समजू? मला भाऊच नाही. आज भर वर्गात साक्षीदारांसमोर याला भाऊ म्हटलं, आणि उद्या हा घरात वाटणी मागायला आला तर तुम्ही येणार का सोडवायला?” मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण पुस्तकातलं चित्र वाटणी मागायला येईल ही भीती कुणाला वाटलेली मी प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी, ‘टेबलावर सफरचंद आहे.’ टेबलावर सफरचंद नव्हतं. त्यांनी ते तसं निदर्शनाला आणून दिलं. मी कपाळावर हात मारून पुढचा धडा घेतला. तिसऱ्या दिवशी गृहस्थ घरून सफरचंद घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवलं, चारी बाजूंनी पाहिलं, जागेवर जाऊन बसले आणि अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाले, ‘टेबलावर सफरचंद आहे.’ मग ‘मी सफरचंद खातो’ म्हणून ते खाल्लं. मग ‘टेबलावर सफरचंद होतं’ हे आपणहून म्हणाले. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. (मी वाजवल्या नाहीत. कुणीतरी शिस्त राखायला हवी.) ‘मी खिडकी उघडतो’ हा धडा भर थंडीत आला, आणि तो शिकून होईपर्यंत सिस्टरला खोकला लागला. आमच्या वर्गाच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तपासणीचा मुदत संपलेला कागद लावलेला आहे. यांनी तो पाहिला आणि त्या दिवसापासून हे तिसऱ्या मजल्यावर जिन्याने. लिफ्ट ठीक आहे, असं तेच म्हणायचे, नुसत्या आवाजावरून कळतं म्हणे. पण कागद नाही म्हणजे नाही. आठवड्याभरात सगळा वर्ग जिन्याने यायला लागला, आणि एकटी बाई लिफ्टने येते हे बरं दिसेना म्हणून मीही. माझ्या गुडघ्याचं मूळ तिथे आहे.

बरं, एकटे हट्टी असते तर चाललं असतं. पण हा आजार लागट निघाला. एके दिवशी मी म्हटलं, ‘मी फार आनंदी आहे.’ वर्ग म्हणाला. न्हावी म्हणाला नाही. माझ्याकडे बघत, अडखळत, पुस्तकात कुठेही नसलेले शब्द गोळा करत तो म्हणाला, ‘मी आनंदी नाही. माझा मालक मला सुट्टी देत नाही. माझी आई दूर आहे.’ ही त्याची वर्षभरातली पहिली स्वतःची वाक्यं. भट्टीवाल्याने लगेच स्वतःच्या मालकाबद्दल दोन वाक्यं जोडली, सिस्टरने तीन. (तिच्यातली काही भाषांतर करण्यासारखी नाहीत.) पाठ्यपुस्तक तसंच उघडं पडलं होतं आणि वर्ग तावातावाने बोलत होता. असा प्रसंग वैरी शिक्षिकेवरही येऊ नये.

मी हात टेकले आणि ठरवलं की या माणसाला आपण ओवाळून टाकलं. न शिको. पण मग त्यांची लेक भेटायला आली. ती म्हणाली, “बाई, काहीही करा, पण बाबांना पास करा.” इथला कायदा असा आहे की तोंडी परीक्षा पास झाली नाही तर त्यांचा राहण्याचा परवाना संपतो. म्हणजे गृहस्थ परत जाणार, त्या रिकाम्या घरात, एकटे. तिकडे जेवायला बोलावणारंही कुणी नाही. नात इथे, आणि नातीला फक्त इथलीच भाषा येते. आजोबा तिच्याशी काय बोलतात, असं मी विचारलं. लेक म्हणाली की परवा नातीने घोडा काढला होता, तेव्हा बाबा इथल्या भाषेत म्हणाले, ‘घोड्याला पाच पाय आहेत.’ नात रुसली, मग तिने मोजले, मग पाचवा पाय खोडला आणि म्हणाली, आता बरोबर? आजोबा म्हणाले, ‘आता घोडा आहे.’ तेव्हापासून ती प्रत्येक चित्र आधी आजोबांकडून पास करून घेते. एवढं सांगून लेक रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांसमोर काही सुचत नाही हे तुला ठाऊक आहे. मी हो म्हणून बसले.

मग सुरू झाली आमच्या स्वयंपाकघरातली शिकवणी. पहिल्या दिवशी गृहस्थ अर्धा तास उशिरा आले. आमच्या इमारतीची लिफ्ट तपासत होते. खालचा वॉचमन त्यांना चोर समजून त्यांच्यामागे उभा होता, आणि हे त्याच्याच हातात टॉर्च देऊन, जरा इकडे धरा, असं सांगत होते. लिफ्ट पास झाली. मी मात्र नापास होण्याच्या वाटेवर होते, कारण परीक्षेत चिठ्ठी उचलून त्यावरचा प्रसंग वठवावा लागतो. तुम्ही दुकानदार आहात, तुम्ही प्रवासी आहात, तुमचं पाकीट हरवलं आहे. तपासनीस खिसा चाचपून म्हणत, हरवलेलं नाही. मी म्हटलं, हे नाटक आहे असं धरा. ते म्हणाले, नाटकात समोर बसलेल्यांना माहीत असतं की हे नाटक आहे, परीक्षकाला तसं लेखी कळवलं आहे का? माझा नवरा शेजारच्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होता. त्याच्या पाठीला ते भोवलं असावं.

शेवटी मीच त्यांना त्यांच्या धंद्यातलं विचारलं. म्हटलं, अहो, दोर तुम्ही पाहिलात, पण लिफ्ट बसवताना त्याच्या आत जे घातलं गेलं ते तुम्हाला दिसतं का? म्हणाले, नाही. मग अहवालात काय लिहायचात? म्हणाले, “मालकाच्या सांगण्याप्रमाणे.” जे आपण पाहिलं नाही ते मालकाच्या सांगण्याप्रमाणे, आणि मग सही करायला हरकत नाही. मावशी, मी टेबलावरून उठून नाचायची तेवढी बाकी राहिले. म्हटलं, मग परीक्षेतही तेच म्हणा! ‘चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे माझं पाकीट हरवलं आहे.’ त्यांनी हे वाक्य म्हणून पाहिलं, आणि त्यांना ते पटलं. पुढचा महिनाभर चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे ते प्रवासी झाले, गिऱ्हाईक झाले, एकदा तर चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे गरोदर बाई झाले आणि दवाखान्याची वेळ विचारून आले. मी स्वतःला फार हुशार समजायला लागले.

परीक्षेच्या दिवशी शिक्षकांना मागे बसू देतात. तोंड मात्र उघडायचं नाही. (ही शिक्षा मला किती जड जाते हे तुला सांगायला नको.) परीक्षक बाई चष्म्याआडून बघणाऱ्या, हातात पेन, टेबलावर वायर नसलेला एक जुना फोन. तपासनिसांनी चिठ्ठी उचलली. प्रसंग असा: तुमची बायको आजारी आहे, फोन करून मदत बोलवा.

त्यांनी फोन उचलला, कानाला लावला आणि परीक्षक बाईंना म्हणाले, ‘हा फोन बंद आहे.’ पेन खाली गेलं, एक मार्क गेला. मी मनात ओरडत होते, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे! ते म्हणाले, ‘चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे माझी बायको.’ आणि थांबले. इतके थांबले की मला भिंतीवरच्या घड्याळाचा राग आला. मग त्यांनी चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली आणि इथल्या भाषेत, सावकाश, एकेक शब्द पाहून ठेवल्यासारखा बोलत सुटले. ‘चिठ्ठी चुकीची आहे. माझी बायको आजारी नाही. ती वारली. आम्ही इथे लेकीकडे आलो होतो. घरात आम्ही दोघंच होतो. ती पडली. मी फोन केला. पलीकडच्या बाई विचारत होत्या, मला भाषा येत नव्हती. मी फक्त बायकोचं नाव सांगत राहिलो. आज मला येते. आता ऐका.’ आणि तो बंद फोन पुन्हा कानाला लावून ते म्हणाले, ‘माझी बायको पडली आहे. श्वास चालू आहे, पण बोलत नाही.’ पत्ता सांगितला. मजला सांगितला. ‘लिफ्ट चांगली आहे, मी पाहिली आहे. मी ती खाली थांबवून ठेवतो, तुम्हाला वाट पाहावी लागणार नाही. लवकर या.’

एकही चूक नव्हती, मावशी. हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. हे ते कुठे, कधी, किती वेळा म्हणून पाहत होते, देव जाणे. मला काहीच माहीत नव्हतं, लेकीनेही सांगितलं नव्हतं. परीक्षक बाईंचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं. नियमाप्रमाणे त्यांनी पुढचा छापील प्रश्न विचारायचा असतो. त्या म्हणाल्या, ‘गाडी निघाली आहे.’ मी डोळे मिटले, कारण आता हे गृहस्थ खिडकीशी जाऊन रस्ता बघणार आणि गाडी निघालेली नाही असं सांगणार, याची मला खात्री होती. पण ते फक्त म्हणाले, ‘आभारी आहे’, आणि फोन जागेवर ठेवला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, म्हणून मला बाहेर जावं लागलं.

निकाल लागला. पास, पण अगदी काठावर, एका मार्काने. चिठ्ठीबाहेर बोलल्याबद्दल कापायचे तेवढे मार्क बाईंनी कापले. लेक माझ्या गळ्यात पडली, नात माझ्यासाठी चार पायांचा घोडा घेऊन आली. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तपासनीस दारात उभे, हातात इथल्या भाषेत लिहिलेला अर्ज. ऐकण्याच्या भागात एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी अंदाजाने ठोकलं होतं आणि ते नेमकं बरोबर आलं. तर तो मार्क आपला नाही, कृपया परत घ्यावा, असा अर्ज. तो मार्क गेला की माणूस नापास आणि मुक्काम रिकाम्या घरी, हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, ते खरं आहे, पण उत्तर माहीत नव्हतं हेही खरं आहे, तेवढं व्याकरण तपासून द्या. मी अर्ज हातात घेऊन लाल पेन उघडलं आणि शेवटपर्यंत वाचला. मग पेन मिटलं. म्हटलं, यात तपासण्यासारखं काही नाही. या माणसाला भाषा येत नाही असं ज्या अर्जात लिहिलं आहे, तो अर्ज बिनचूक आहे. आता अर्ज खरा धरायचा की अर्जातला मजकूर, ते तपासून तुम्हीच मला सांगा. त्यांनी आमच्या पायपुसण्यावर उभ्याउभ्याच अर्ज परत घेऊन पुन्हा वाचला. मग अर्जाची घडी घालून खिशात टॉर्चशेजारी ठेवली आणि म्हणाले, “बाई, हे मी बघितलं नव्हतं.” अर्ज अजून त्यांच्याकडेच आहे. पाठवलेला नाही, हे मी लेकीकडून खात्री करून घेतलं आहे.

तर असा हा तुझ्या शंकेचा खुलासा. गृहस्थ वर्गातून गेले आणि मी सुटले. नवी तुकडी आली आहे, गुणी आहे, चित्रातल्या माणसाला बिनतक्रार भाऊ म्हणते. मला फार बरं वाटतं. तू सावकाश, सवडीने, जमेल तसं उत्तर लिही.

तुझी
लाडकी (हे तूच म्हणतेस) भाची

ता. क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी सवय म्हणून एकदा तपासलं. काही दुरुस्त्या आहेत. नवऱ्याची तब्येत उत्तम नाही, त्याची पाठ धरली आहे. वरचे शेजारी पहाटे उठून खुर्च्या सरकवतात. परीक्षेत माझ्या डोळ्यांत काहीही गेलं नव्हतं.

ता. क. आणखी एक. मी सुटले असं लिहिलं आहे, तेही चूक. नव्या तुकडीने परवा एका सुरात ‘टेबलावर सफरचंद आहे’ म्हटलं, आणि मी वेड्यासारखी पहिल्या बाकाकडे बघत राहिले. तिथे आता कुणी बसत नाही.

ता. क. मुख्य दुरुस्ती राहिली. ‘मुळीच घाई करू नकोस’ हे वाक्य खोटं आहे, ते मी खोडलं आहे असं समज. (नको, समजू नकोस. वर बघ, खरंच खोडलं आहे.) तुझं पत्रही तपासलं. त्यातल्या ‘ठणठणीत’वर मला सही करता येत नाही, कारण तुझ्या शेजारणीने मला फोन केला होता. मागच्या जिन्याचा कठडा निसटला आणि तू पडलीस, आणि दूधवाला येईपर्यंत खालच्या पायरीवर तशीच बसून राहिलीस. त्याला म्हणालीस, उन्हाला बसले आहे. मावशी, तेव्हा ऊन आलेलं नव्हतं. मला भीती वाटते. पुढच्या वेळी तू कुणाला तरी हाक मारशील आणि ऐकणारं कुणी नसेल, याची मला रोज भीती वाटते. तू ये. भाषेचं मी बघते. तुला एकदाही ‘समजा’ म्हणणार नाही, सफरचंद मी आणून ठेवीन, आणि पहिला बाक रिकामा आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट तपासलेली आहे हे वर लिहिलंच आहे. तू येशील त्या दिवशी ती खाली थांबवून ठेवतो, असं तपासनीस म्हणाले आहेत, आणि तो माणूस कसा आहे हे तुला आता माहीत आहे.